हातावर वाढवलेलं हेजहॉगचं पिल्लू रानात सोडताना

हातावर वाढवलेलं पिल्लू स्वतःहून वाटीतलं खायला लागलं की सांभाळणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. दर दोन-तीन तासांनी उठून पाजणं संपलेलं असतं, वजन रोज चढत असतं, आणि आता फक्त मोठं होऊ द्यायचं आणि एक दिवस सोडून यायचं असं वाटू लागतं. नेमकी इथेच गफलत होते. पाजून जगवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे आपणच दिलेल्या चार गोष्टी एकेक करून काढून घेणं: आधी हात, मग ऊब, मग वाटी आणि सगळ्यात शेवटी छप्पर. क्रम चुकला किंवा दोन गोष्टी एकदम काढल्या, की चांगलं गुटगुटीत पिल्लूसुद्धा आठवड्याभरात ढासळतं.

पुढचं सगळं युरोपियन हेजहॉगबद्दल आहे, म्हणजे एरिनेशियस युरोपियस. मराठीत या प्राण्याला जाहक असा जुना शब्द आहे, पण बोलण्यात हेजहॉगच रुळला आहे. अंगावर काटे आहेत म्हणून त्याला साळिंदराचा भाऊबंद समजू नये. साळिंदर हा कृंतक, उंदरा-खारींच्या गटातला. हेजहॉगला त्यापेक्षा चिचुंद्री जवळची. हे फक्त माहितीसाठी नाही. साळिंदर मुळं-कंद खातं, हेजहॉग किडे खातो, आणि फळं-भाज्या देऊन वाढवलेली अशक्त पिल्लं याच गोंधळातून येतात. घरात पाळायला विकले जाणारे छोटे आफ्रिकन हेजहॉग हा वेगळा विषय. ते कुठल्याच परिस्थितीत बाहेर सोडायचे नसतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. वन्यप्राणी जवळ ठेवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. त्यामुळे पिल्लू सापडल्याच्या दिवसापासून एखादं नोंदणीकृत केंद्र आणि वन्यप्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य सोबत हवाच. सोडण्याच्या वेळी लागणाऱ्या तपासण्या त्यांच्याशिवाय होत नाहीत.

वजन किती हवं, आणि वजनापलीकडे काय

जन्मतः पिल्लू १० ते २५ ग्रॅमचं असतं. डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, दात तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात, चौथ्या आठवड्यापासून आईमागे बाहेर पडणं सुरू होतं आणि सहा ते आठ आठवड्यांत आई-पिल्लांच्या वाटा वेगळ्या होतात. रानातलं पिल्लू त्या वेळी २५०-३०० ग्रॅमचंच असतं, तरी निभावून नेतं. मग हातावरच्या पिल्लाला तेवढ्या वजनावर का सोडत नाहीत? कारण आईमागे फिरलेल्या त्या काही रात्री त्याच्या पदरात नाहीत. पहिल्या आठवड्यात ते हटकून कमी खातं, जास्त चालतं आणि वजन गमावतं. त्या तुटीसाठी शिल्लक हवी म्हणून उन्हाळ्यात किमान ४५० ग्रॅम. शरद ऋतूत, पुढे शीतनिद्रा असताना, ६०० ग्रॅमच्या खाली सोडू नये.

वजन रोज नाही, एक दिवसाआड घ्यावं, आणि संध्याकाळच्या खाण्याआधी ठरलेल्या वेळी. प्लास्टिकचा खोल डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, पिल्लाला झोपायच्या खोक्यातून सरळ डब्यात घ्यायचं, आकडा लिहायचा, परत ठेवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. दूध सुटलेल्या निरोगी पिल्लाचं वजन दिवसाला १० ते २० ग्रॅम वाढतं. दोन नोंदींत वाढ नसेल तर कारण शोधायला लागायचं, आठवडाभर वाट पाहायची नाही.

पण आकडा एकटा फसवतो. वरून पाहिलं तर निरोगी हेजहॉग थेंबासारखा दिसतो, पुढे निमुळता आणि मागे भरीव. डोक्यामागे मानेशी खळगा दिसत असेल तर काट्यावरचं वजन काहीही असो, ते पिल्लू अजून तयार नाही. उलट टोकही वाईट. लहान पिंजऱ्यात भरपूर खाऊन हजार ग्रॅमला टेकलेलं पिल्लू नीट मुटकुळं करू शकत नाही. पोट आणि पाय बाहेर राहतात. मुटकुळं म्हणजे त्याचं एकमेव चिलखत. त्यात फट राहिली की कोल्ह्याला तेवढी पुरते.

आधी हात

हाताळणं कमी करायला दूध सुटतं त्याच दिवशी सुरुवात करायची. सोडायच्या आठवड्यात सुरू केलं तर उशीर झालेला असतो. वजनाखेरीज स्पर्श नाही, जवळ उभं राहून बोलणं नाही, मांडीवर घेणं नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही. काम एकाच माणसाने करावं, हातमोजे घालून. हातमोजे फक्त काट्यांसाठी नाहीत: हेजहॉगकडून माणसाला गजकर्ण आणि साल्मोनेला दोन्ही होऊ शकतात, आणि मोज्यांमुळे पिल्लाला कातडीचा वास व ऊब यांची सवयही लागत नाही.

सगळ्यात घातक सवय म्हणजे कुत्र्याची. घरातला शांत कुत्रा रोज खोक्यापाशी येऊन हुंगतो आणि काही करत नाही, हे पिल्लू शिकतं. बाहेरचा पहिला कुत्रा किंवा कोल्हा हुंगायला आला की तेच शिकलेलं पिल्लू मुटकुळं न करता बसून राहतं. म्हणून पिल्लू असलेल्या खोलीत पाळीव जनावरांना पूर्ण मज्जाव.

माणसाळलेपणा किती उरलाय हे पाहायची सोपी रीत आहे. संध्याकाळी झाकण उघडून हाताची सावली पिल्लावर पडू द्यावी. रानटीपणा शाबूत असेल तर ते थबकतं, कपाळावरचे काटे पुढे ओढून डोळे झाकतं, फुसफुसतं, आणि बोट टेकलं तर फुत्कारून जागच्या जागी उसळी मारतं किंवा घट्ट मुटकुळं करतं. काटे चापट ठेवून नाक वर करत जवळ येणारं पिल्लू हे खाऊची वाट पाहणारं पिल्लू आहे. त्याला अजून वेळ द्यायचा आणि माणूस आणि खाऊ यांचं नातं तोडायचं: वाटी दिवसा ते झोपलेलं असताना ठेवावी, म्हणजे रात्री जागं होऊन आल्यावर खाणं आपोआप तिथे असतं. हाताळणं थांबल्यावर बहुतेक पिल्लं लवकरच अंग चोरू लागतात. हे पाहून सांभाळणाऱ्याला वाईट वाटतं, पण हवं असतं ते हेच.

भावंडं २५०-३०० ग्रॅमपर्यंत एकत्र राहिली तर चालतात, बरंही असतं. पुढे वेगळी करावीत. हेजहॉग एकटा राहणारा प्राणी आहे. मोठं पिल्लू वाटी अडवतं आणि धाकटं मागे पडतं, आणि एकत्र वजन घेणाऱ्याला हे कळतही नाही. कानांच्या कडा आणि पाय चावलेले दिसले तर त्याच दिवशी वेगळं करायचं. हिवाळाभर ठेवलेल्या पिल्लांमध्ये नर-मादी एकत्र ठेवू नयेत, नाहीतर वसंतात सोडलेली मादी गाभण निघते.

एका गोष्टीने मात्र घाबरायचं नाही. नवा वास आला की पिल्लू ती वस्तू चघळतं, तोंडाला फेस आणतं आणि मान पार मागे वळवून तो फेस जिभेने पाठीच्या काट्यांवर फासत बसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झटका आला किंवा पिसाळलं असंच वाटतं. ही त्यांची स्वाभाविक कृती आहे. ती सुरू असताना उचलू नये.

मग ऊब

उबेची गादी खोक्याच्या अर्ध्या भागाखालीच असावी, म्हणजे पिल्लू हवं तिथे सरकू शकतं. लागोपाठ तीन-चार दिवस ते गार बाजूला झोपलेलं आढळलं की गादी काढायला हरकत नाही; बहुतेकांच्या बाबतीत हे २५०-३०० ग्रॅमच्या आसपास होतं. नंतर १८-२० अंशांची खोली, मग विनाउबेची पडवी किंवा शेड, मग बाहेरचा पिंजरा. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच रात्री, आणि पुढच्या टप्प्याची अट एकच: वजन घसरलेलं नसावं. दोन नोंदी सलग घसरल्या की एक टप्पा मागे.

वीस अंशांच्या खोलीतून थेट पाच अंशांच्या रात्रीत उडी का नको, हे समजून घेण्यासारखं आहे. थंडी लागली आणि खाणं कमी पडलं की हेजहॉगचं शरीर सुस्तीत जातं. शीतनिद्रेत हेच घडतं: शरीराचं तापमान ३५ अंशांवरून १० किंवा त्याहूनही खाली येतं, मिनिटाला सुमारे १९० असलेले हृदयाचे ठोके वीसच्या आसपास येतात. पण ती निद्रा चरबीच्या साठ्यावर आणि जाड घरट्यात घेतलेली असते. तयारी नसलेलं पिल्लू सुस्तीत गेलं की त्यातून जागं व्हायला लागणारी ऊर्जा कुठून आणणार? जागं होताना शरीर तपकिरी चरबी जाळून ऊब निर्माण करतं, आणि प्रत्येक जाग महाग पडते. अशा पिल्लाचं पोट हाताला गार लागतं, चाल झोकांडते आणि खाणं तसंच उरतं. त्याला आधी ऊब द्यायची, खाणं नंतर. गार अंगाला अन्न पचत नाही.

उशिरा, म्हणजे शरदात जन्मलेल्या पिल्लांचा प्रश्न दरवर्षीचा. थंडी पडेपर्यंत ती ४५० ग्रॅमसुद्धा गाठत नाहीत, आणि शीतनिद्रेत तर वजनाचा साधारण तिसरा हिस्सा जातो. अशांना हिवाळाभर १८-२० अंशांत जागं ठेवून खाऊ घालावं लागतं. ६०० ग्रॅम ओलांडलेल्या निरोगी पिल्लाला विनाउबेच्या, पावसाआड ठेवलेल्या खुराड्यात पाचोळा भरून झोपू देता येतं, मात्र कोरडं खाणं आणि पाणी कायम ठेवायचं, कारण हेजहॉग हिवाळ्यात अधूनमधून जागे होतात. मधलं काही ठेवू नये. धड गार नाही, धड उबदार नाही अशा जागेत पिल्लू अर्धवट सुस्त राहतं, ना खातं ना झोपतं.

मग वाटी

मांसाचं प्रमाण जास्त असलेलं मांजरांचं ओलं खाणं आणि मांजरांची कोरडी बिस्किटं, हा दूध सुटल्यावरचा आधार. वाढत्या पिल्लाला रात्री १०० ते १५० ग्रॅम ओलं खाणं लागतं. फक्त मऊ खाऊन दातांवर कीट चढतं आणि हिरड्या सुजतात, म्हणून कोरडं हवंच. उथळ, जड भांड्यात पाणी कायम. गाईचं दूध नाही, त्यातली दुग्धशर्करा पचत नाही आणि जुलाब लागतात. पावही नाही.

मीलवर्मबद्दल थोडं सविस्तर. पिल्लं त्यावर तुटून पडतात आणि देणाऱ्याला आनंद होतो. पण या अळ्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. रोज मूठभर मिळाले की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, आणि हे लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांचंही तेच. मीलवर्म द्यायचेच असतील तर रात्री तीन-चार, तेही शोधायला लावून.

शोधायला लावणं हाच वाटी काढून घेण्याचा गाभा. हेजहॉगला शिकार शिकवावी लागत नाही. नाक उपजतच कामाला लागतं. शिकायचं असतं ते एवढंच की खाणं रोज एकाच जागी नसतं आणि ते कशाच्या तरी खाली असतं. पहिले काही दिवस वाटीची जागा रोज बदलावी. नंतर निम्मं खाणं वाटीत, निम्मं पाचोळ्यात विखरून, सालीखाली, कुजक्या ओंडक्याच्या फटीत. पुढे विकत मिळणारे जिवंत रातकिडे सोडावेत. वाटी सुरुवातीला रिकामी होत असेल आणि विखुरलेलं तसंच उरत असेल तर वाटीतलं कमी करायचं, पण वजनावर नजर ठेवून. आदल्या रात्री ठेवलेलं आणि सकाळी उरलेलं दोन्ही वजन करून लिहिलं तर काम अंदाजपंचे राहत नाही. उरलेलं ओलं खाणं सकाळी उचलायचंच, नाहीतर माश्या येतात.

बागेतून गोगलगायी आणि गांडुळं गोळा करून खाऊ घालायचा मोह मात्र टाळावा. फुफ्फुसांत राहणाऱ्या जंतांपैकी क्रेनोसोमाच्या अळ्या गोगलगायींतून आणि कॅपिलेरिया गांडुळांतून हेजहॉगकडे येतात. रानात गेल्यावर ते हेच खाणार, मग आत्ता का नको, असं विचारलं जातं. कारण आत्ता ते लहान आहे, जागा बदलल्याच्या ताणाखाली आहे आणि आपण देतो तेव्हा मूठभर एकदम देतो. रानात भुंगेरे, सुरवंट, वाणी, गांडुळं असं मिळेल ते थोडं-थोडं पोटात जातं. शिवाय बंदिवासात नव्याने जंत आले की आधीची तपासणी आणि उपचार वाया जातात.

सोडण्याआधीची तपासणी

लागोपाठ तीन रात्रींची विष्ठा एकत्र करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी. एकाच दिवसाचा नमुना पुरत नाही, कारण जंतांच्या अळ्या आणि अंडी रोज सारख्या पडत नाहीत. निरोगी विष्ठा गडद आणि घट्ट असते. हिरवी, बुळबुळीत असेल तर आतड्यांत काहीतरी बिघडलंय. खोकला, श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक आवाज, खाऊनही न वाढणारं वजन ही फुफ्फुसातल्या जंतांची खूण. औषध आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची. कुत्र्या-मांजरांची पिसवांची औषधं आपल्या मनाने लावणं तर अजिबात नाही. उपचारानंतर विष्ठा पुन्हा तपासावी आणि शेवटच्या औषधानंतर निदान आठवडाभर पिल्लू नजरेखाली राहावं, म्हणजे औषधाने दाबलेलं दुखणं परत डोकं काढत नाही ना हे कळतं.

मग चाल पाहायची. सपाट, कठीण जमिनीवर सोडून दूर बसावं. हेजहॉग चालताना पोट जमिनीपासून चांगलं वर उचलतो आणि वेगाने चालतो. पोट घासत असेल, एखादं पाऊल ओढत असेल तर सोडणं पुढे ढकलायचं. मऊ अंथरुणावर वाढलेल्या पिल्लांची नखं झिजत नाहीत, वळून तळव्यात रुतू लागतात, ती कापून घ्यावी लागतात. पावलांभोवती टॉवेलचा धागा किंवा लांब गवताची काडी गुंडाळली गेली नाही ना हेही पाहावं. असा धागा नकळत रक्तपुरवठा तोडतो, आणि काट्यांखाली लपलेल्या पायाकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणूनच अंथरायला टॉवेल वापरू नये.

कानांच्या कडा, नाकपुडीभोवतीची कातडी आणि काट्यांची मुळं पाहावीत. खपल्या असतील आणि काटे झडत असतील तर गजकर्ण किंवा खरजेचे किडे. ते बरं झाल्याशिवाय बाहेर नाही. दोन-चार पिसवा किंवा एखादी गोचीड मात्र आडकाठी नव्हे. दोन्ही डोळ्यांनी न दिसणारं पिल्लू रानात सोडायचं नसतं.

जागा

पिल्लू सापडलं त्याच परिसरात सोडणं सर्वांत चांगलं, फक्त अपघाताची नेमकी जागा सोडून. आपल्या डोळ्यांना सुंदर वाटणारी हिरवी जागा हा निकष नव्हे. तिथे आधीपासून हेजहॉग आहेत का, हे पाहावं. असतील तर अन्न, आडोसा आणि पाणी आहे याचा तोच सर्वांत विश्वासार्ह पुरावा. ते एकमेकांच्या हद्दीवरून भांडत नाहीत, त्यामुळे नव्याला हाकलून लावतील ही भीती नाही. एका रात्रीत हेजहॉग एक-दोन किलोमीटर सहज चालतो, तेव्हा एकच बाग बघून चालत नाही. शेजारच्या कुंपणांना खाली १३ बाय १३ सेंटिमीटरची भोकं आहेत का, मोठा रस्ता किती दूर आहे, जवळ बॅजरचं (जमिनीत बिळं करून राहणारा दणकट मांसाहारी प्राणी) बीळ आहे का, हे सगळं पायी फिरून पाहायला हवं. बॅजर मुटकुळं उलगडू शकतो, शिवाय गांडुळांवर त्याचाही डोळा असतो. त्याच्या वस्तीत हातावरचं पिल्लू सोडू नये.

बागेतले धोके ठरलेले आहेत. उभ्या काठांचं तळं: हेजहॉग पोहतो, पण बाहेर पडायला उतरती फळी किंवा दगड नसतील तर दमून बुडतो. जमिनीला टेकलेली जाळी, उघडी गटारं, गवत कापायची यंत्रं, पेटवायला रचून ठेवलेला काटक्यांचा ढीग, गोगलगायी मारायला टाकलेलं मेटाल्डिहाइड हे विष. आपोआप फिरणाऱ्या गवतकापणी यंत्रांवर भरवसा ठेवू नये. डेन्मार्कच्या सोफी लुंड रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ यंत्रं आधीच मेलेल्या हेजहॉगवर तपासली, आणि एकालाही स्पर्श होण्याआधी समोर प्राणी आहे हे कळलं नाही. असं यंत्र फक्त दिवसाच चालवतील अशी शेजाऱ्यांची खात्री मिळत नसेल तर दुसरी जागा बघावी.

२०२४ मध्ये युरोपियन हेजहॉगची नोंद जागतिक लाल यादीत संकटाच्या उंबरठ्यावरची जात म्हणून झाली. संख्या घटते आहे म्हणून जिथे नाही तिथे नेऊन सोडावं, असा विचार काहींच्या मनात येतो. त्याची किंमत दिसलेली आहे. स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खायला म्हणून मोजके हेजहॉग नेले, ते वाढले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणथळ पक्ष्यांची अंडी खाऊ लागले. न्यूझीलंडमध्येही बाहेरून आणलेला हेजहॉग तिथल्या पक्ष्यांना आणि किड्यांना जड गेला आहे. जिथे तो मुळात राहतो तिथेच त्याला सोडायचं.

शेवटी छप्पर

सोडायच्या जागेवरच बंदिस्त आवार बांधून पाच ते दहा रात्री पिल्लाला तिथे ठेवायचं. दोन मीटर बाय दोन मीटर असलं तर उत्तम. भिंती गुळगुळीत फळीच्या, ५०-६० सेंटिमीटर उंच, आणि तळाशी १५-२० सेंटिमीटर जमिनीत गाडलेल्या. हेजहॉग चांगला चढतो, विशेषतः कोपऱ्यात दोन भिंतींना पाय लावून, म्हणून वर झाकण हवं, कोल्ह्यासाठीही हवंच. जाळी वापरली तर बारीक भोकांची, म्हणजे डोकं अडकत नाही. जमिनीला जाळी अंथरू नये, पावलं सोलवटतात.

आत साधारण ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचं लाकडी खोकं, १३ सेंटिमीटरचं तोंड, आत आडवी फळी म्हणजे थेट वारा किंवा मांजराचा पंजा आत पोचत नाही. तोंड वाऱ्याच्या उलट्या दिशेला. खोक्यात अर्धाच पाचोळा भरावा आणि उरलेला ढीग बाहेर ठेवावा: ओक, बीच अशा रुंद पानांचा, कोरडा. हेजहॉग पानं तोंडात धरून आत नेतो, ढिगात शिरून गोल गोल फिरतो आणि पानं एकावर एक चापट बसवतो. हिवाळ्याच्या घरट्याच्या भिंती अशाच थरांच्या, दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होतात. शरदात सोडायच्या पिल्लाने बाहेरचा ढीग हलवलेला दिसला पाहिजे. उन्हाळ्यात नाही हलवला तरी काळजीचं कारण नाही, तेव्हा घरटं विरळच असतं.

आवारात एकच पिल्लू, फार तर दोन भावंडं. आणि दहा रात्रींपेक्षा लांबवू नये. भिंतीलगत तीच ती फेरी मारून पायवाट पडली, नाक सोललं, म्हणजे बंदिवास त्याला आता छळतोय. सोडायच्या अटी पूर्ण असतील तर दार उघडायचं, नसतील तर का नाहीत ते शोधायचं.

दार उघडायची रात्र कोरडी आणि वारा नसलेली असावी, आणि पुढच्या तीन-चार रात्रींचं तापमान पाच अंशांच्या वर राहणार असावं, कारण त्याखाली किडे फिरकत नाहीत. दिवेलागणीला नेहमीचं खाणं ठेवायचं, भिंतीतलं १३ सेंटिमीटरचं भोक उघडायचं आणि निघून जायचं. पिल्लाला उचलून बाहेर ठेवायचं नाही, खोकं उलटं करायचं नाही, टॉर्च मारून चित्रीकरण नाही. कुठलं पिल्लू तासाभरात जातं, कुठलं दोन रात्री भोकाशी येऊन परत वळतं. खोकं, त्यातला वासाचा पाचोळा आणि खाण्याची जागा तशीच राहू द्यायची. पहिले काही दिवस पिल्लू पहाटे तिथेच परतू शकतं.

ओळखीसाठी पाठीवरच्या काही काट्यांना चकाकी नसलेल्या रंगाचा छोटा ठिपका पुरतो, चेहऱ्यापासून लांब. मोठा पट्टा रंगवू नये. रात्री चालणारा कॅमेरा खाण्याच्या जागी लावला की कोण येतं, किती वेळ खातं आणि चाल कशी आहे हे हात न लावता कळतं.

पॅट मॉरिस आणि ह्यू वॉर्विक यांनी १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये रानाचा फारसा अनुभव नसलेली १२ पिल्लं सोडून त्यांचा माग काढला होता. त्यांना वाटा सापडल्या, घरटी बांधता आली, रानातल्या हेजहॉगांशी जुळवून घेता आलं. सुरुवातीला वजनं उतरली, आणि मृत्यू झाले ते बॅजर आणि रस्त्यांमुळे. पिल्लाला जमेल का, याची चिंता आपण फार करतो आणि रस्ता किती दूर आहे याची कमी, असं त्यावरून म्हणावंसं वाटतं.

नंतरचे आठवडे

खाणं दोन-तीन आठवडे त्याच जागी, त्याच वेळी ठेवावं, मग रोजचं प्रमाण घटवत न्यावं. शरदात सोडलं असेल तर थांबवू नये. हेजहॉग स्वतःच यायचा बंद होईपर्यंत चालू ठेवावं. पाणी तर वर्षभर.

उजेडात उघड्यावर पसरून पडलेला हेजहॉग ऊन खात नसतो, तो गारठलेला किंवा आजारी असतो. डुलत चालणं, भोवती माश्या घोंघावणं, दिवसा अंगणात भटकणं, सगळ्यांचा अर्थ तोच. अशा वेळी खोल खोक्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून त्याला शेजारी ठेवावं, माश्यांची अंडी दिसली तर लगेच काढावीत, अंग उबदार झाल्यावर पाणी आणि मगच खाणं. त्याच दिवशी पशुवैद्य. वजन ४०० ग्रॅमच्या खाली आलं असेल तर ते पिल्लू उबेच्या टप्प्यावर परत जातं आणि तिथून पुन्हा पुढे सरकतं. दुसऱ्यांदा सहसा कमी दिवस लागतात.

त्याच आवारात पुढचं पिल्लू ठेवायचं असेल तर आधीचा सगळा पाचोळा काढून टाकावा, खोकं गरम पाण्याने घासून, जंतुनाशक लावून, उन्हात कडकडीत वाळवावं आणि वरची माती उकरून बदलावी. विष्ठेतून जमिनीत गेलेल्या अळ्या गोगलगायींत शिरतात, आणि आवारात राहिलेली एखादी गोगलगाय स्वच्छ तपासणी झालेल्या नव्या पिल्लाला पहिल्याच रात्री सापडते.